बाईची झोप आणि रात्रीचे आवाज

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या निवासी शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण पोटगी, निवासाचा हक्क, पोलीस ठाण्यातले अनुभव अशा विषयांवर बोलतो आहोत. त्यानंतर माझा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेतून हसू ऐकू आलं. 'झोप लागावी म्हणून आवाज ऐकणे'. चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्या, "अगं, आम्हाला झोपायलाच वेळ नाही आणि तू झोपताना काय ऐकावं ते सांगणार!" त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्यात माझी एक चूक आहे आणि ती तुमच्यासमोर सांगायची आहे.

विषय तसा साधा. मोबाइलवर पावसाचा, समुद्राचा, ओढ्याचा, रातकिड्यांचा आवाज लावून झोपणारी माणसं आज पुष्कळ आहेत. आठ-आठ, दहा-दहा तासांची ध्वनिमुद्रणं फुकट मिळतात. त्यात गाणं नसतं, बोलणं नसतं, काही घडतही नाही. नुसता पाऊस पडत राहतो. मलाही ही सवय लागली ती पाच-सहा वर्षांपूर्वी. तेव्हा आमच्या केंद्राचा रात्रीचा फोन माझ्याकडे असायचा. फोन आठवड्यातून एखादाच यायचा, पण तो येईल म्हणून मी सातही रात्री अर्धवट जागी असायची. शेजाऱ्यांचा नळ सुटला तरी दचकून उठायची. एका सहकारी मैत्रिणीनं मला पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं एक ध्वनिमुद्रण पाठवलं. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. कौलांवरचा पाऊस, अंगणात पडणाऱ्या पागोळ्या, लांब शेतात ओरडणारी बेडकं, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. पुण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मार्च महिन्यात तो पाऊस लावला आणि कित्येक महिन्यांनी मी सकाळपर्यंत सलग झोपले. मग काय, कार्यकर्तीच ती! जे आपल्याला लागू पडलं ते जगाला सांगत सुटायचं, हा आपला स्वभावच.

पण आधी हे का होतं ते थोडं सांगते. डोळ्यांना पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान ऐकत असतो आणि मेंदू त्यातलं काय महत्त्वाचं ते निवडत असतो. झोपलेल्या माणसाजवळ बरीच नावं घेतली तर त्याच्या स्वतःच्या नावाला मेंदू जास्त प्रतिसाद देतो, हे १९६० सालच्या प्रयोगांमधून दिसलं होतं. पोराच्या हुंदक्यानं आई उठते आणि शेजारी झोपलेला बाप घोरत राहतो. त्याला आपण 'आईचं काळीज' म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, त्यात काळजाइतकाच भाग नेमणुकीचाही आहे. रात्री उठायचं काम कुणाचं, हे त्या घरात ठरून गेलेलं असतं आणि कान त्याप्रमाणे तयार होतो.

आपल्याला जाग येते ती नुसत्या मोठ्या आवाजानं नाही, फरकानं येते. शांत खोलीत चमचा पडला तर माणूस दचकतो. तोच चमचा पंखा घरघरत असताना पडला तर कूसही बदलत नाही. एकसारखा चालणारा आवाज बाकीचे लहानसहान आवाज आपल्या पोटात घेतो. म्हणजे आपल्याकडे हे यंत्र घरोघर आधीपासूनच टांगलेलं आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत रात्री वीज गेली की अख्खी आळी एकदम जागी व्हायची, आठवतं? उकाडा जाणवायला पाच-दहा मिनिटं लागायची, पण पंख्याचा आवाज थांबल्याबरोबर जाग यायची. अमेरिकेत १९६२ साली बकवॉल्टर नावाच्या जोडप्यानं असंच एक यंत्र विकायला आणलं. सांगतात असं, की प्रवासात एका मोटेलमधलं वातानुकूलन बंद होतं आणि त्या आवाजावाचून बायकोला झोप येईना, म्हणून नवऱ्यानं खटपट करून ते बनवलं. त्या डब्यात काय होतं, तर एक छोटा पंखा. वारा नाही, नुसता आवाज.

शास्त्रज्ञ या आवाजांना रंगांची नावं देतात. सगळ्या पट्ट्यांतले आवाज सारख्या जोरानं मिसळले की तो पांढरा आवाज. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर यायची, ती साधारण तशी. त्यातला खर्ज वाढवला की तो गुलाबी, पावसाच्या जवळ जाणारा. आणखी खोल गेला की तपकिरी, लांबच्या धबधब्यासारखा. १९९० साली इंग्लंडमध्ये चाळीस नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. वीस बाळांना पांढरा आवाज ऐकवला, तर त्यांतली सोळा पाच मिनिटांत झोपली. ज्यांना ऐकवला नाही अशा वीसपैकी पाचच झोपली. आपल्या आज्या बाळाच्या कानाशी 'श्श्श' करत थोपटायच्या, ते काही वेगळं नव्हतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र इतकं ठाम काही नाही. २०२१ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला. त्यात पुरावा कच्चा आहे असंच म्हटलं होतं. कुणाला फायदा होतो, कुणाला होत नाही. तेव्हा मोबाइलवर 'हा आवाज ऐका, सात मिनिटांत गाढ झोप' अशी जाहिरात दिसली तर ती जाहिरात आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

आता आपल्याकडच्या एका आवाजाबद्दल. तुमच्यातल्या वयानं मोठ्या बायकांना जात्याची घरघर आठवत असेल. माझ्या आजीकडे जातं होतं, मी पाहिलं तेव्हा त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. पण आई सांगायची, की पहाटे आजी दळायला बसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोरं पुन्हा झोपून जायची. घरघर आणि तिच्यावर ओवी, त्या आवाजात इतकी गुंगी यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. तो साठा पाहिला की आपण भारावून जातो, आणि जावंही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घरातल्या सगळ्यांना झोप आणणारा तो आवाज एका बाईच्या जागरणाचा होता. ती उठल्याशिवाय तो सुरूच होत नव्हता. आज जातं गेलं, पण पहाटे पाणी भरल्याचा, भांडी लावल्याचा, कुकरचा आवाज आहेच, आणि तो आवाज येतो आहे तोवर बाकीच्यांना माहीत असतं की आपण अजून पडून राहिलो तरी चालेल. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आलं आहे, की बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. ही मिनिटं मोजता आली. पण घरात सगळ्यात उशिरा टेकायचं, सगळ्यात आधी उठायचं आणि मधल्या वेळातही एक कान उघडा ठेवायचा, त्याची मिनिटं कोणत्या रकान्यात लिहायची?

आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्या केंद्रात एक बाई यायची. पस्तिशीच्या आतली, चार घरची धुणीभांडी करणारी, दोन मुलं. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न येण्याची. दवाखान्यात दाखवलं तेव्हा झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. नवरा पितो, हे तिनं दुसऱ्या भेटीत सांगितलं. मारतो का, असं विचारल्यावर "कधीतरी" म्हणाली. 'कधीतरी' या शब्दाचा अर्थ काय असतो हे आपल्याला इथे कुणी शिकवायला नको. पण ती तक्रार करायला तयार नव्हती, माहेर नव्हतं, आणि मला तिच्यासाठी निदान काहीतरी करायचं होतं. मी मोठ्या उत्साहानं तिच्या फोनवर माझा तो पाऊस उतरवून दिला. माझ्याकडचा जास्तीचा इअरफोन दिला. म्हटलं, "ताई, हे कानात घालून पडून राहा. बाकी काही ऐकूच येणार नाही."

आठ दिवसांनी ती आली आणि इअरफोन वायर गुंडाळून, रबर लावून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही ठेवा. मला याचा उपयोग नाही."

मी विचारलं, आवाज आवडला नाही का?

"आवाज चांगला आहे हो. पण त्यात मला त्याची गाडी ऐकू येत नाही."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत सांगते. "गाडी गल्लीत वळली की मला कळतं. स्टँड एका दमात लागला तर ठीक आहे, जेवून झोपंल. दोनदा-तीनदा खटखट झाली तर मी उठून पोरांना मोरीच्या बाजूला सरकवते आणि दार आधीच उघडून ठेवते. दार वाजवायला लागलं की जास्त चिडतो ना. स्टँडच लागला नाही, गाडी भिंतीला टेकवली, तर मी पोरांना घेऊन शेजारच्या मावशीकडे जाते. एवढं करायला मला दोन मिनिटं मिळतात. तुमच्या पावसात ती दोन मिनिटं गेली."

"गेली म्हणजे?" मी विचारलं. तिनं बाही वर केली.

मैत्रिणींनो, एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला अतिदक्षतेचं लक्षण शिकवलं होतं. हिंसा सोसलेली माणसं सारखी सावध असतात, आवाजानं दचकतात, झोपत नाहीत, असं पाठ केलं होतं. तिच्या कागदावर मी तेच लिहिलं होतं. आणि तिच्या लेखी ते लक्षण नव्हतंच, ती तिची रोजची तयारी होती. इतक्या वर्षांत तिनं आवाजावरून माणूस ओळखायला शिकून घेतलं होतं, आणि मी तिची काळजी घ्यायला जाऊन तिचे कान बंद केले. गोळ्यांचंही मग कळलं. तिनं त्या घेतल्याच नव्हत्या, सगळ्या तांदळाच्या डब्यामागे पुडीत ठेवलेल्या होत्या. "गोळी घेतली तर पोरांकडे कोण बघंल?" डॉक्टरांनी आणि मी तिला एकच सल्ला दिला होता, तिच्या तो लक्षात आला होता आणि आमच्या दोघांच्याही नाही.

मी त्या रात्री झोपले नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. ती कित्येक वर्षं झोपली नव्हती.

त्यानंतर आमच्या केंद्रात पहिल्या मुलाखतीतला प्रश्न बदलला. पूर्वी आम्ही विचारायचो, "झोप नीट लागते का?" त्यावर "लागते" किंवा "नाही लागत" एवढंच उत्तर यायचं. आता आम्ही विचारतो, "रात्री तुम्हाला काय काय ऐकू येतं?" करून बघा. 'मारतो का' या प्रश्नाला मान खाली घालणाऱ्या बायका या प्रश्नाला सहज बोलायला लागतात, कारण यात नवऱ्याविरुद्ध काही सांगायचं नसतं. कुणी कडीबद्दल बोलते, कुणी जिन्यावरच्या चपलांबद्दल. एक शिकलेली, नोकरी करणारी बाई म्हणाली, "फ्रीज उघडल्याचा आवाज." तेवढं बोलून ती गप्प बसली. पुढच्या भेटीत तिनं सांगितलं, की नवरा रात्री दीड-दोनला उठून फ्रीज उघडतो, काहीतरी सापडत नाही म्हणून तिला उठवतो आणि मग पहाटेपर्यंत हिशेब मागत बसतो. हात लावत नाही. सकाळी साडेआठला तिला कार्यालयात हजर राहायचं असतं. ही हिंसा आहे की नाही, असं तिनं मला विचारलं.

आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं तिसरं कलम आपण पुष्कळदा फक्त मारहाणीपुरतं वाचतो. त्यात बाईच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याला, सुरक्षिततेला, स्वास्थ्याला अपाय करणारं वागणं येतं. झोपू न देणं त्यात बसतं. फक्त आपण ते लिहीत नाही. कौटुंबिक घटनेचा अहवाल भरताना 'नेहमी त्रास देतो' असं मोघम लिहू नका. किती वाजता उठवलं, किती वेळ जागं ठेवलं, दुसऱ्या दिवशी काय झालं, कामावर खाडा पडला का, पोर शाळेत झोपलं का, हे लिहा. तारखा लिहा. वस्तीतल्या ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्यासाठी आम्ही कॅलेंडरवर खुणा करायची पद्धत सुरू केली आहे. गॅसवाल्याच्या, दुधाच्या खुणांमध्ये ही खूण कुणाच्या लक्षात येत नाही.

गंमत अशी, की झोप हा मूलभूत हक्क आहे असं आपल्या सर्वोच्च न्यायालयात म्हटलं गेलं आहे. दिल्लीत रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये रात्री झोपलेल्या जमावावर पोलिसांनी कारवाई केली होती, त्या प्रकरणाच्या फेब्रुवारी २०१२च्या निकालात न्यायमूर्ती चौहान यांनी ते लिहिलं, आणि झोपेचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात घातला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे मांडवातला भोंगा रात्री वाजला तर बाई पोलिसांना फोन करू शकते. पोलीस येतात की नाही ते सोडा, निदान नियम आहे. पण हा सगळा विचार बाहेरून येणाऱ्या आवाजाचा आहे. आवाज उंबऱ्याच्या आतला असला की तो 'घरातला विषय' होतो. 'जे खासगी ते राजकीय' असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, त्यात झोप घालायची राहून गेली की काय, असं मला वाटतं.

आता आमच्या निवारागृहाबद्दल. तिथे आल्यावर बाई सुरक्षित असते, मग झोपेल, असं आम्हाला वाटायचं. ती झोपत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, राखणीला बसल्यासारखा आवाज टिपत राहतो. ही साध्यासुध्या निरोगी माणसांची गोष्ट, आणि तीही पहिल्या रात्रीची. आमच्याकडे मात्र महिना-महिना पहिलीच रात्र चालू असते.

म्हणून मी तिथेही आवाजाचा प्रयोग केला, या वेळी बायकांना विचारून. मोठ्या खोलीत नऊजणी झोपतात. कोपऱ्यात एक छोटा स्पीकर ठेवला. पहिल्याच रात्री भांडण. एक आजी म्हणाल्या, हरिपाठ लावा, मला त्याशिवाय झोप येत नाही. दुसरी म्हणाली, मग माझंही लावा. तिसरी म्हणाली, देवाधर्माचं नावच नको, त्यातच माझा नवरा मला कोंडून ठेवायचा. तिघींचंही खरं होतं. मी म्हटलं, पाण्याला काही जातधर्म नाही, पाऊस लावू. लावला. दोन मिनिटांत खिडकीजवळची एक मुलगी उठून बसली, घामानं डबडबलेली. ती चिपळूणची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती म्हाताऱ्या सासूला घेऊन रात्रभर माळ्यावर बसून होती. खाली भांडी तरंगत भिंतीवर आपटत होती, तो आवाज ती अजून सांगते. माझ्याच जिल्ह्यातली मुलगी, आणि जो पाऊस मला अंगाईसारखा वाटतो तो तिला असा. तेव्हापासून मी कुणाला 'हा आवाज छान आहे' असं सांगत नाही. प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो. रेल्वेलाइनीजवळच्या झोपडपट्टीत वाढलेली एक आहे, तिला आमच्याकडच्या शांततेचीच भीती वाटायची. मी स्वतः लहानपणी आईच्या रेडिओवर छायागीत लागलं की झोपायची, आईला ते ऐकताना कुणी हाक मारत नसे म्हणून असेल कदाचित.

शेवटी काय ठरलं, तर पंखा. थंडीतही एक पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा. ज्यांना आणखी काही हवं त्यांनी स्वतःपुरतं.

ज्यांच्या घरी धोका नाही, नुसतीच दगदग आहे, त्यांच्यासाठी हे नक्कीच करण्यासारखं आहे. ते मी नाकारत नाही, मी आजही करते. थोडं अनुभवाचं सांगते. आवाज उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि हळू. इअरफोन घालून रात्रभर झोपू नका. फुकटच्या ध्वनिमुद्रणांत मधेच जाहिरात किंचाळते आणि लागलेली झोप उडते, म्हणून आधी उतरवून घ्या आणि फोनचं नेट बंद करा. तासाभरानं आपोआप बंद होईल असं लावा. तान्ह्या बाळाजवळ तर फारच सांभाळून. बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या चौदा यंत्रांची २०१४ साली तपासणी झाली. पूर्ण आवाजावर ती सगळीच, रुग्णालयातल्या बाळांच्या खोलीसाठी ठरवलेल्या ५० डेसिबलच्या मर्यादेपलीकडे गेली, आणि तीन तर ८५च्याही पुढे. आणि फोन नवरा तपासत असेल, तर त्यात काय उतरवलं, काय ऐकलं हेही त्याला दिसतं, हे बाईला सांगून ठेवा. तीन-तीन महिने, आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नसेल तर मात्र पाऊस-समुद्र पुरे. डॉक्टरांकडे जा. निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची एक उपचारपद्धती आहे, गोळीच्या आधी ती करावी असं २०१६ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांची संघटनासुद्धा सांगते. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांनी नुसतीच गोळी लिहून दिली तर सोबत जाऊन त्यांना विचारा, की बाई का झोपत नाही हे तुम्ही विचारलंत का? २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच विचारानं, की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी दवाखान्यात आलेली असते.

एक गोष्ट राहिली. निवारागृहात महिनाभरानं मी पुन्हा बायकांना विचारलं, आता कशानं झोप लागते? मला वाटलं, पंखा म्हणतील. सात जणींनी एकच उत्तर दिलं. "काकूंच्या खोलीतला रेडिओ." काकू म्हणजे आमच्या रात्रपाळीच्या राखणदार. दाराशेजारच्या खोलीत बसतात, हळू आवाजात रेडिओ लावतात, मधून मधून खोकतात, तासाभरानं उठून कडी बघून येतात. एक म्हणाली, "रेडिओ चालू आहे म्हणजे काकू जाग्या आहेत. मग मला जागं राहायला नको."

मला फार आनंद झाला. मी हे धावत जाऊन काकूंना सांगितलं. काकू पंचावन्नच्या, विधवा, रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी, घरी जाऊन नातवाला शाळेत सोडायचं, दुपारी दोन तास डोळा लागला तर लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे गं. पण मी रेडिओ लावते ते मला झोप येऊ नये म्हणून."

काकूंच्या जागी दोघींच्या पाळ्या कराव्यात म्हणून आम्ही वर्षभर पत्रव्यवहार करतो आहोत. अनुदानात तसा खर्चाचा मथळा नाही, असं उत्तर दोनदा आलं आहे. तिसरा अर्ज तयार आहे. त्यात आम्ही निवारागृहातल्या बायकांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत जोडलं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या संस्थांची निवारागृहं आहेत त्यांच्याकडे रात्री कोण जागं असतं, किती तास आणि किती पगारावर, एवढं मला एका कागदावर लिहून द्या. कागद चहाच्या टेबलाशी ठेवले आहेत. एकटीच्या अर्जापेक्षा दहा संस्थांचा मिळून गेला तर बरं पडेल. पेनं कमी आहेत, लिहून झालं की पुढे द्या.